वाचक विचारतात: यकृतातली गाठ सीटीवर ओळखतात कशी?

सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘यकृतात एसओएल’ (एसओएल म्हणजे जागा अडवणारी गाठ) असं लिहून येतं, खाली ‘ट्रिपल फेज सीटी करावा’ अशी ओळ असते आणि मग प्रश्न सुरू होतात. या वेळची बहुतेक पत्रं याच वळणाची आहेत. दोन पत्रं सीटी विभागात काम करणाऱ्यांची आहेत, तीही इथेच घेतली. रुग्णाच्या घरच्यांना पडलेल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं इंजेक्शनच्या घड्याळात असतात, आणि ते घड्याळ सीटी विभागातल्यांच्याच हातात असतं.

प्र. आईच्या पोटाचा सीटी महिन्यापूर्वी कॉन्ट्रास्ट देऊनच झाला. त्यात यकृतात अडीच सेंटिमीटरची गाठ दिसली. आता डॉक्टर पुन्हा ‘ट्रिपल फेज’ सांगतात. एकच तपासणी दोनदा कशाला?

उ. ती एकच तपासणी नाही. पोटाच्या नेहमीच्या सीटीत कॉन्ट्रास्ट (शिरेतून देतात ते आयोडीनचं औषध, त्याने रक्त सीटीवर पांढरं दिसतं) सोडल्यावर साधारण ७० सेकंदांनी एकदाच स्कॅन घेतात. अपेंडिक्स, आतडी, पोटदुखी यांसाठी तेवढं पुरतं. यकृतातली गाठ कोणत्या जातीची, हे मात्र त्या एका क्षणावरून क्वचितच सांगता येतं.

यकृताला रक्त दोन वाटांनी येतं. सुमारे तीन चतुर्थांश पोर्टल व्हेनमधून आणि उरलेलं पाव हिपॅटिक आर्टरीमधून, म्हणजे यकृताच्या धमनीतून. हाताच्या शिरेत सोडलेला कॉन्ट्रास्ट हृदयातून आधी धमनीत जातो. पोर्टल व्हेनमध्ये पोचायला त्याला आतडी आणि प्लीहा ओलांडून यावं लागतं, म्हणून तिथे तो उशिरा येतो. यकृतात उगवणाऱ्या बऱ्याच गाठी धमनीच्या रक्तावर पोसलेल्या असतात. त्यामुळे सुरुवातीच्या त्या थोड्या सेकंदांत गाठ उजळलेली आणि भोवतीचं यकृत अजून मळकट, असं चित्र मिळतं. पुढे पोर्टल रक्त आलं की यकृत उजळतं आणि सगळी तुलनाच बदलते.

म्हणून त्याच जागेचे स्कॅन ठरावीक वेळी घ्यायचे, यांनाच फेज म्हणतात: लेट आर्टिरियल ३५ ते ४० सेकंदांच्या सुमारास, पोर्टल ७० ते ८० सेकंदांना, डिलेड ३ ते ५ मिनिटांनी. त्याआधी कॉन्ट्रास्टशिवाय एक प्लेन. गाठीवर आधी काही उपचार झाले असतील (लिपिओडॉल सोडणं, जाळणं), तर प्लेन हवाच. लिपिओडॉल आणि जुनं रक्त कॉन्ट्रास्टशिवायही पांढरं दिसतं, आणि प्लेन नसेल तर तीच गाठ जिवंत आहे असं वाटू शकतं.

‘ट्रिपल’ या शब्दावर विसंबू नका. कुठे प्लेन धरून तीन मोजतात, कुठे प्लेन सोडून, आणि पहिल्या मोजणीत डिलेड गळतो. चिठ्ठीवर ‘डिलेड हवा’ असं स्पष्ट लिहून घेतलेलं बरं. प्रत्येक फेज म्हणजे किरणांचा आणखी एक डोस, तेव्हा घ्यायच्याच तर उपयोगाच्या फेज घ्याव्यात.

प्र. मी सीटी टेक्निशियन आहे. आर्टिरियल फेज ३५ सेकंदांवर लावतो. तरुण रुग्णांत ठीक येतो, पण वयस्करांत रेडिओलॉजिस्ट ‘फार लवकर घेतलास’ म्हणतात. कुठे चुकतं?

उ. चूक ठरीव ३५ मध्ये आहे. हृदयाचा जोर कमी असेल तर कॉन्ट्रास्ट महाधमनीत पोचायलाच दहा-पंधरा सेकंद जास्त लागू शकतात. बोलस ट्रॅकिंग वापरा, म्हणजे कॉन्ट्रास्ट महाधमनीत पोचल्याचं मशीनच ओळखतं. डायफ्रामच्या पातळीवर महाधमनीत आरओआय (मोजणीचं वर्तुळ) ठेवा, उंबरठा १०० ते १५० हाउन्सफिल्ड युनिट (सीटीवरचा उजळपणा मोजायचं एकक), आणि तो ओलांडल्यावर १५ ते १८ सेकंदांनी स्कॅन. आरओआय भिंतीवरच्या कॅल्शियमला टेकला तर मशीन वेळेआधीच सुटतं. रुग्णाच्या श्वासाबरोबर वर्तुळ महाधमनीबाहेर सरकलं तर सुटतच नाही. तेव्हा डोळा पडद्यावर आणि बोट मॅन्युअल बटणावर हवं.

डोस वजनावर काढा, ‘सगळ्यांना ८० मिली’ नको. किलोमागे ५०० ते ६०० मिलिग्रॅम आयोडीन धरा. ६० किलोच्या रुग्णाला ३५० च्या (मिलीमागे ३५० मिलिग्रॅम आयोडीन असलेल्या) कॉन्ट्रास्टचे ९० मिली म्हणजे साडेएकतीस ग्रॅम आयोडीन, किलोमागे ५२५. कोपराच्या शिरेत १८ किंवा २० गेजची कॅन्युला, वेग सेकंदाला ४ मिली, मागून ३० ते ४० मिली सलाईन. मनगटावरच्या २४ गेजमधून हा वेग जात नाही. वेग निम्म्यावर आणला की आर्टिरियल फेजचा शिखरच बुटका होतो आणि धमनीवर पोसलेली छोटी गाठ दिसतच नाही. जाड रुग्णाला डोस कमी पडला तर नुकसान पोर्टल फेजमध्ये होतं. यकृत प्लेनपेक्षा निदान ५० युनिटने वर चढायला हवं. ते चढलं नाही, तर काळ्या गाठी राखाडी यकृतात लपतात.

फेज जमला की नाही, हे रुग्ण टेबलावर असतानाच तीन ठिकाणी बघून कळतं. महाधमनी लख्ख पांढरी, पोर्टल व्हेनमध्ये कॉन्ट्रास्ट नुकता आलेला, आणि हिपॅटिक व्हेन्स (यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा) अजून काळ्या: हा खरा लेट आर्टिरियल. प्लीहेवर पट्टे दिसतात तेही याच वेळचे, त्याला आजार समजू नका. पोर्टल व्हेन अगदीच काळी असेल तर फार लवकर झालं, आणि हिपॅटिक व्हेन्स भरलेल्या दिसल्या तर उशीर झाला. पोर्टल फेजमध्ये तिन्ही हिपॅटिक व्हेन्स भरलेल्याच हव्यात. फेज हुकला असेल तर रिपोर्ट करणाऱ्याला तसं सांगा. लपवलेला चुकीचा आर्टिरियल हा न घेतलेल्यापेक्षा वाईट.

प्र. रिपोर्टात ‘पेरिफेरल नोड्युलर डिसकन्टिन्युअस एनहान्समेंट, प्रोग्रेसिव्ह फिलिंग, हिमॅन्जिओमा’ असं लिहिलंय. पूर्ण खात्री असते का? बायोप्सी करावी का?

उ. वर्णन खरोखर असंच (कडेला तुटक ठिपके उजळणं, मग हळूहळू आत भरत जाणं) असेल तर खात्री मोठी आहे आणि बायोप्सीची गरज नाही. हिमॅन्जिओमा म्हणजे रक्ताने भरलेल्या बारीक पोकळ्यांचा पुंजका. आत रक्त फार सावकाश फिरतं. सीटीवर दिसतं ते या सावकाशीचंच चित्र.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. प्लेनमध्ये यकृत ५८, गाठ ४०. आर्टिरियलमध्ये गाठीच्या कडेला दोन-तीन ठिपके पेटतात, सलग कडं नाही, तुटक ठिपके. महाधमनी २८० असेल तर ठिपकेही अडीचशेच्या पुढे. पोर्टलमध्ये ठिपके फुगून आत सरकतात. आता महाधमनी १५० वर उतरलेली असते आणि ठिपकेही तेवढ्याच्याच आसपास. डिलेडमध्ये गाठ बरीचशी भरलेली, महाधमनी ११० आणि गाठही तितकीच, यकृतापेक्षा किंचित उजळ. गाठ प्रत्येक वेळी रक्ताच्या पातळीला चिकटून राहते, ही खरी खूण. ‘कडेला उजळते’ एवढ्यावर भागत नाही, कारण मेटास्टॅसिस, म्हणजे दुसरीकडून पसरलेला कॅन्सर, हाही कडेला उजळतो. फक्त त्याचं कडं सलग असतं आणि महाधमनीच्या मानाने फिकं.

फसवणाऱ्या गोष्टी आहेत. दीड सेंटिमीटरपेक्षा लहान हिमॅन्जिओमा पुष्कळदा आर्टिरियलमध्येच एका दमात भरतो, तेव्हा ठिपक्यांची पायरी दिसत नाही. अशा वेळी डिलेड वाचवतो: तो रक्ताइतका उजळ राहिला तर हिमॅन्जिओमा, यकृतापेक्षा काळा पडला तर दुसरं काही. फार मोठ्या हिमॅन्जिओमाच्या मध्यभागी वण असतो, तो शेवटपर्यंत भरत नाही, त्याने घाबरू नये. आणि पित्तनलिकेच्या पेशींचा कॅन्सर, कोलॅन्जिओकार्सिनोमा, हाही डिलेडमध्ये हळूहळू आत भरतो, पण कारण वेगळं: तिथे पोकळ्या नसतात, तंतुमय ऊती कॉन्ट्रास्ट धरून ठेवते. सुरुवात सलग कड्याने होते, त्या जागी यकृताचा पृष्ठभाग आत ओढलेला दिसतो, गाठीपलीकडच्या पित्तनलिका फुगतात. घाईत रिपोर्ट करताना ‘आत भरतंय’ एवढंच बघितलं तर इथे मोठी चूक होते.

प्र. वडिलांना हिपॅटायटिस बी आणि सिरोसिस आहे. २.२ सेंटिमीटरच्या गाठीला ‘एलआय-रॅड्स ५’ देऊन थेट कॅन्सर म्हटलंय. तुकडा न तपासता कॅन्सर कसा ठरवतात?

उ. फार थोड्या कॅन्सरांत हे मान्य आहे, त्यांपैकी हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, म्हणजे यकृतपेशींचा कॅन्सर, एक. पण अट अशी की रुग्ण जोखमीच्या गटातला हवा: सिरोसिस, दीर्घकाळचा हिपॅटायटिस बी, किंवा आधी हाच कॅन्सर झालेला. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीची एलआय-रॅड्स पद्धत (गाठीला कॅन्सरच्या शक्यतेप्रमाणे दर्जा देणारी) याच लोकांसाठी आहे. १८ वर्षांखालच्यांना ती लागत नाही, आणि रक्तवाहिन्यांच्या आजारामुळे झालेल्या सिरोसिसलाही नाही, कारण तिथे साध्या गाठीही असंच वागतात.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत बहुधा असं दिसलं असेल: आर्टिरियलमध्ये गाठ (नुसती कड नव्हे) यकृतापेक्षा उजळली, आणि पोर्टल किंवा डिलेडमध्ये ती यकृतापेक्षा काळी पडली. याला वॉशआउट म्हणतात. शब्द थोडा फसवा आहे. गाठीतला कॉन्ट्रास्ट धुऊन गेलाच असं नाही. डिलेडमध्ये गाठ ८५ आणि यकृत १०५ असेल तरी तो वॉशआउटच. गाठीला पोर्टल रक्त जवळजवळ मिळत नाही, यकृताला भरपूर मिळतं, म्हणून ती मागे पडते. दोन सेंटिमीटर किंवा मोठ्या गाठीत आर्टिरियल उजळीबरोबर आणखी एक खूण पुरते: कडेचा नसलेला वॉशआउट, उशिरा दिसणारी सलग कॅप्सूल, किंवा सहा महिन्यांच्या आत निदान ५० टक्के वाढ. १० ते १९ मिलिमीटरच्या गाठीत नुसती कॅप्सूल पुरत नाही, वॉशआउट किंवा तशी वाढ हवी. १० मिलिमीटरच्या आत ५ हा दर्जा देतच नाहीत.

माप आर्टिरियलवर घेऊ नये, कडा दुसऱ्या फेजमध्ये नीट दिसत असतील तर तिथे घ्यावं. आर्टिरियलमध्ये भोवतालचं यकृतही जरा उजळतं आणि गाठ दोन-चार मिलिमीटरने मोठी वाटते. १९ आणि २१ मध्ये दर्जाच बदलत असल्याने हा काथ्याकूट नाही.

बायोप्सी टाळण्यामागे कारण आहे. सिरोसिसमध्ये रक्तस्राव लवकर होतो, आणि सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी रुजण्याचा धोका थोडा का होईना असतो. दर्जा ३ किंवा ४ असता तर गोष्ट वेगळी: एमआरआय, ठरावीक मुदतीने पुन्हा स्कॅन किंवा बायोप्सी, यावर सर्जन आणि हिपॅटॉलॉजिस्टसह बसून ठरवावं लागलं असतं. एएफपी (या कॅन्सरात रक्तात वाढू शकणारं प्रथिन) नॉर्मल आहे म्हणून निदान चुकलं, असं समजू नका. लहान गाठीत ते पुष्कळदा नॉर्मल असतं.

प्र. बहीण ३१ वर्षांची, काही आजार नाही. तिच्याही गाठीत ‘आर्टिरियल हायपरएनहान्समेंट’ लिहिलंय. म्हणजे तोच कॅन्सर?

उ. नाही. निरोगी यकृतात या शब्दाचा (आर्टिरियलमध्ये गाठ यकृतापेक्षा जास्त उजळणं) अर्थच बदलतो. या वयाच्या स्त्रीत आधी फोकल नोड्युलर हायपरप्लेझिया, म्हणजे एफएनएच (यकृतपेशींची निरुपद्रवी गाठ), आठवावा. तो आर्टिरियलमध्ये एकसारखा लख्ख उजळतो आणि पोर्टलमध्ये आसपासच्या यकृतात मिसळून जातो. फक्त पोर्टल स्कॅन केला असता तर दिसलाही नसता. मोठ्या एफएनएचच्या मधोमध वण असतो, आधी काळा, डिलेडमध्ये उजळ. लहानांत तो दिसेलच असं नाही. एफएनएचला उपचार लागत नाही.

दुसरी शक्यता अ‍ॅडेनोमा. यकृतपेशींची हीही कॅन्सर नसलेली गाठ. गर्भनिरोधक गोळ्या किंवा स्नायू वाढवायची स्टेरॉइड्स यांच्याशी त्याचं नातं आहे, आणि त्यात रक्तस्राव होऊ शकतो. आत चरबी किंवा जुनं रक्त दिसलं तर संशय बळावतो. सीटीवर दोघांत पुष्कळदा फरक करता येत नाही. तिथे यकृतपेशी शोषून घेतात असा कॉन्ट्रास्ट, गॅडोक्सेटिक अ‍ॅसिड देऊन एमआरआय करतात: २० मिनिटांनी एफएनएच ते धरून ठेवतो, कारण त्यात कामाच्या यकृतपेशी असतात, आणि बहुतेक अ‍ॅडेनोमा काळे राहतात. अ‍ॅडेनोमा ठरला तर गोळ्या बंद करून सहा महिन्यांनी पुन्हा पाहतात. ५ सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल तर काढण्याचा विचार होतो. पुरुषांत आकार न बघता काढतात.

प्र. आतड्याच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वी झाली. आता रिपोर्टात यकृतात ‘४-५ मिमी हायपोडेन्स, टू स्मॉल टू कॅरॅक्टराइझ’ अशा तीन गाठी आहेत. पसरला का?

उ. हे वाक्य वाचून झोप उडते, पण त्याचा अर्थ शब्दशः घ्या: काळपट (हायपोडेन्स) आणि इतक्या लहान की जात सांगता येत नाही. कॅन्सर होऊन गेलेल्यांतही असे ठिपके बहुतांशी निरुपद्रवी निघतात.

का सांगता येत नाही, हे गणित आहे. सीटी प्रत्येक बिंदूला एक आकडा देतो, पाणी ० धरून. (गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या नावाचं एकक, त्यांना १९७९ चं नोबेल मिळालं.) पाण्याची साधी सिस्ट २० च्या आत असायला हवी आणि कॉन्ट्रास्टने वाढू नये. आता ४ मिलिमीटरची सिस्ट ५ मिलिमीटर जाडीच्या कापात आली आणि कापाचा अर्धा भागच तिने व्यापला. उरलेल्या अर्ध्यात ११० चं यकृत. मशीन सरासरी काढतं: ५५. पाण्याची पिशवी घट्ट गाठीसारखी दिसते.

रेडिओलॉजिस्टला विचारा की त्याच स्कॅनमधून एक-दीड मिलिमीटरचे काप करून पाहता येतील का. कच्चा डेटा अजून मशीनवर असेल तर नव्या किरणांशिवाय हे होतं, म्हणून उशीर करू नका. शस्त्रक्रियेपूर्वीचा स्कॅन काढा. ठिपके तेव्हाही तेवढेच असतील तर प्रश्न जवळजवळ मिटला. नसतील तर एमआरआय किंवा काही महिन्यांनी पुन्हा सीटी. आतड्याच्या कॅन्सरचा पसार पोर्टल फेजमध्ये सर्वांत नीट दिसतो: काळी गाठ, भोवती धूसर कडं. मूत्रपिंड, थायरॉइड, मेलॅनोमा आणि न्यूरोएंडोक्राइन गाठींचा पसार मात्र धमनीवर पोसलेला असू शकतो, त्यांना आर्टिरियल घ्यावाच लागतो. केमोने यकृतात चरबी वाढली असेल तर यकृतच काळं पडतं आणि काळ्या गाठी त्यात बुडतात, हेही लक्षात असू द्या.

प्र. ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखणं. सीटीत ‘अ‍ॅब्सेस की ट्यूमर’ असं प्रश्नचिन्ह. फरक कळत नाही का?

उ. बहुधा कळतो. गळू म्हणजेच अ‍ॅब्सेस. त्यात मध्ये न उजळणारा पू, त्याभोवती उजळणारं कडं, त्याबाहेर सुजेचं काळपट वलय: दुहेरी कडं. आत हवेचे बुडबुडे दिसले तर जवळपास खात्रीच. जिवाणूंचं गळू पुष्कळदा लहान-लहान कप्प्यांचा घोस असतो. अमीबाचं बहुतेकदा एकटं आणि उजव्या बाजूला असतं, पण या दोघांतला निवाडा सीटीवर सोडू नये, रक्ताची सिरॉलॉजी (अँटीबॉडींची तपासणी) करावी. आत पिलू-सिस्ट, सुटून तरंगणारा पडदा किंवा भिंतीत कॅल्शियम दिसलं तर हायडॅटिड (फीतकृमीमुळे होणारी सिस्ट) समजून चालावं आणि तयारीशिवाय सुई घालू नये. द्रव पोटात सांडला तर जीवघेणी अ‍ॅलर्जी होऊ शकते.

प्र. मी रेडिओलॉजीची विद्यार्थिनी आहे. नसलेली गाठ रिपोर्ट होऊ नये म्हणून काय बघावं?

उ. आकार, जागा आणि आतून जाणाऱ्या शिरा. फॅल्सिफॉर्म लिगामेंटच्या (यकृताला पोटाच्या पुढच्या भिंतीशी बांधणाऱ्या पडद्याच्या) शेजारी आणि पित्ताशयाच्या खळग्यालगत चरबी साचते किंवा नेमकी तिथेच साचत नाही. असे डाग भूगोलाच्या नकाशासारखे वेड्यावाकड्या कडांचे असतात आणि शिरा त्यातून न वाकता सरळ जातात. गाठ शिरेला ढकलते. आर्टिरियलमध्येच दिसणारा, पृष्ठभागाकडे रुंद होणारा पाचरीसारखा उजळ पट्टा आणि इतर फेजमध्ये काहीच नाही, तर तो रक्तप्रवाहाचा फरक आहे. पण पाचरीच्या टोकाशी थांबून बघायचंच: तिथे शिरेत गुठळी किंवा लहान गाठ दडलेली असू शकते, आणि उजळ पट्टा दिसण्याचं कारण तीच असू शकते.

प्र. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे आणि माशांची अ‍ॅलर्जी आहे. कॉन्ट्रास्ट चालेल?

उ. माशांच्या अ‍ॅलर्जीचा कॉन्ट्रास्टशी संबंध नाही. ती माशातल्या प्रथिनांची असते, आयोडीनची नव्हे. आधी कॉन्ट्रास्टनेच अंगावर पित्त उठलं किंवा धाप लागली असेल तर मात्र तारीख घेतानाच सांगा. स्टेरॉइडची तयारी काही तास आधी सुरू करावी लागते, टेबलावर आठवून उपयोग नाही. मेटफॉर्मिनचं मूत्रपिंडावर ठरतं: ईजीएफआर (मूत्रपिंड किती गाळतं त्याचा आकडा) ३० च्या वर आणि मूत्रपिंडाला नवी इजा नसेल तर साधारणतः थांबवत नाहीत. ३० च्या खाली असेल तर स्कॅनच्या वेळी बंद करून ४८ तासांनी, क्रिएटिनिन बघून सुरू करतात. काही केंद्रांचे नियम याहून कडक असतात, तिथे त्यांचं ऐका. इंजेक्शनच्या वेळी अंगभर गरम वाटणं, तोंडात धातूची चव येणं नेहमीचं. सुईच्या जागी ठणका किंवा फुगवटा आला तर लगेच ओरडून सांगा, संकोच नको.

प्र. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचंय. फिल्म्स पुरतील का?

उ. नाही. फिल्मवर निवडक चित्रं असतात, आकडे मोजता येत नाहीत आणि फेज कोणता तेही कधीकधी छापलेलं नसतं. सगळ्या फेजची डायकॉम (मूळ डिजिटल चित्रांची) सीडी मागून घ्या, पातळ कापांसकट. ती घरी एकदा उघडून बघा, रिकामी किंवा अर्धवट सीडी हा नेहमीचा अनुभव आहे. बरोबर जुने स्कॅन, एएफपी आणि हिपॅटायटिसचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी, आणि गर्भनिरोधक गोळ्या घेत असल्यास तेही त्या यादीत लिहा.